साथीचा धर्म : फ्रान्झ शुबर्ट आणि गायक फोगल



धाराशिव जिल्ह्यातील परांडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे ते दूरवर परिचित आहे. सोनारी काय किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव काय, तेथील भजनाची बैठक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली-ऐकलेली असते. एकजण गातो, दुसरा पेटीवर साथ करतो, टाळ-मृदंग सोबतीला असतात. ऐकणाऱ्यांचे डोळे गाणाऱ्यावर खिळलेले असतात. पेटीवाला मान खाली घालून आपले काम करीत असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाची ही रीत मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजविली, आणि त्यामुळे आपल्या देवळांतूनही गायक व पेटीवाला ही जोडी घरचीच झाली आहे.

ही पेटी मूळची युरोपातील. एकोणिसाव्या शतकात ती आपल्याकडे आली आणि कायमची आपली झाली. ज्या युरोपातून ती आली, तेथे त्याच शतकाच्या आरंभी गायनाची एक वेगळी बैठक जन्माला येत होती. त्या बैठकीत दोनच माणसे असत. एक उभा राहून गाणारा आणि एक पियानोपुढे बसलेला. वेषभूषा नाही, पडदे नाहीत, वाद्यवृंद नाही. एखाद्या कवीची चांगली कविता, तिला दिलेली चाल आणि दोन माणसांचा एक श्वास, एवढ्यावर ती मैफल उभी राहत असे. जर्मन भाषेत या गीतप्रकाराला ‘लीड’ असे नाव आहे. आज मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रापासून लंडन-व्हिएन्नापर्यंत बॅरिटोन गायक आणि पियानोवादक यांची मैफल होते, तेव्हा तिचे मूळ ज्या एका माणसापाशी जाऊन पोहोचते, त्याचे नाव फ्रान्झ शुबर्ट. अवघे एकतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या संगीतकाराची आणि त्याला आपला आवाज देणाऱ्या एका ज्येष्ठ गायकाची ही चरित्रकथा आहे.

शिक्षकाचा मुलगा

फ्रान्झ शुबर्ट यांचा जन्म ३१ जानेवारी १७९७ रोजी व्हिएन्ना शहराच्या एका उपनगरात झाला. वडील फ्रान्झ थिओडोर हे शाळामास्तर होते. आई एलिझाबेथ लग्नापूर्वी घरकाम करीत असे. या दांपत्याला चौदा मुले झाली, त्यांपैकी पाचच जगली. फ्रान्झ हा बारावा. घर आणि शाळा एकाच छपराखाली, मिळकत बेताची. परंतु घरात वाद्ये होती आणि ती वाजविणारे हातही होते. वडिलांनी मुलाला व्हायोलिन शिकविले, थोरल्या भावाने पियानो शिकविला.

जवळच लिख्टेनटालचे धर्मग्राम होते. याच देवळात फ्रान्झचा बाप्तिस्मा झाला आणि याच देवळात त्याने गाण्याचे पहिले धडे घेतले. तेथील गायकवृंदाचे प्रमुख मिखाएल होल्झर यांनी त्याला गायन, ऑर्गन व स्वररचनेची मूलतत्त्वे शिकविली. १८०८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, राजदरबाराच्या प्रार्थनामंदिरातील बालगायक म्हणून त्याची निवड झाली आणि त्याबरोबर वसतिगृहयुक्त शाळेत शिक्षणाची सोय झाली. दरबारचे संगीतप्रमुख अंतोनियो सालिएरी यांची दृष्टी त्याच्यावर पडली आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी त्याला रचनाशास्त्र शिकविले.

त्या शाळेत योसेफ फॉन स्पाउन नावाचा वयाने मोठा विद्यार्थी होता. या लाजाळू मुलाजवळ चाली लिहिण्यासाठी कागदही नाही, हे त्याच्या लक्षात आले. स्वरलिपीचे कागद तो स्वतःच्या पैशांतून आणून देऊ लागला. पुढे जन्मभर टिकलेल्या मैत्रीचा आरंभ असा कोऱ्या कागदांनी झाला. शुबर्ट यांचे सारे जीवन पाहिले असता हे वारंवार दिसते : त्यांच्यापाशी जे नव्हते, ते कोणीतरी मित्र आणून देत असे. कधी कागद, कधी राहायला खोली, कधी पियानो, आणि अखेरीस आवाज.

१८१२ साली आईचे निधन झाले. त्याच वर्षी मुलाचा बालस्वर फुटला आणि प्रार्थनामंदिरातील गायनही संपले. वडिलांच्या इच्छेनुसार त्याने शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि वडिलांच्याच शाळेत लहान मुलांना मुळाक्षरे शिकवू लागला.

देवळातील मिस्सा आणि घरातील गीत

१८१४ हे वर्ष सतरा वर्षांच्या शुबर्टच्या जीवनात निर्णायक ठरले. लिख्टेनटालच्या चर्चला शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्या सोहळ्यासाठी या तरुण शिक्षकाने एक संपूर्ण मिस्सा संगीतबद्ध केली. ज्या देवळात त्याचा बाप्तिस्मा झाला होता, तेथेच ती त्याच्या स्वतःच्या संचालनाखाली गायिली गेली.

त्याच वर्षी, १९ ऑक्टोबर रोजी, त्याने गटे या महाकवीच्या ‘फाउस्ट’ नाटकातील एका प्रसंगाला चाल दिली. चरख्यावर सूत कातत बसलेली तरुणी ग्रेटचेन आपल्या प्रियकराच्या आठवणीने व्याकूळ झाली आहे. गायिका तिची व्यथा गाते आणि पियानोचा उजवा हात चरख्याचे चाक फिरवीत राहतो. भावना अनावर होते त्या क्षणी चाक थांबते. मग अडखळत, चाचपडत पुन्हा फिरू लागते. येथे पियानो गायिकेच्या मागोमाग जात नाही. गाणारीला जे शब्दांत सांगता येत नाही, ते तो सांगतो.

आपल्या पेटीच्या साथीशी तुलना केली म्हणजे हा फरक नीट कळतो. आपल्याकडे साथीदार गायकाची सुरावट धरतो, त्याने सोडलेली जागा भरतो, त्याला आधार देतो. त्यात मोठे कौशल्य असते, पण वाट गायकाची असते. शुबर्ट यांच्या गीतात दोन वाटा आधीच लिहिलेल्या असतात. गायकाची ओळ वेगळी, पियानोची वेगळी आणि दोन्ही मिळून एक अर्थ. पियानो काढून घेतला तर गीत अर्धे उरत नाही, ते उरतच नाही.

पुढील वर्षी, १८१५ मध्ये, शाळेतील नोकरी सांभाळून शुबर्ट यांनी सुमारे एकशे चाळीस गीते लिहिली. त्यांपैकी एक म्हणजे गटे यांच्याच कवितेवरील ‘एर्लकोनिग’. वादळी रात्री एक बाप आजारी मुलाला कवेत घेऊन घोडा दौडवीत आहे. मुलाला मृत्यूचा राजा दिसतो, ऐकू येतो. बापाला काहीच दिसत नाही. निवेदक, बाप, मुलगा आणि तो मायावी राजा, अशी चार माणसे एकाच गायकाने उभी करायची असतात. पियानोवादकाच्या उजव्या हाताखाली घोड्याच्या टापा आरंभापासून जवळजवळ अखेरपर्यंत न थांबता वाजत असतात.

१८१६ साली स्पाउन याने गटे यांच्या कवितांवरील गीतांची एक वही कवीकडे पाठविली. वही उत्तराविना परत आली. शुबर्ट यांची गीते एव्हाना शेकड्यांनी मोजावी लागत होती आणि मित्रांच्या छोट्याशा वर्तुळाबाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हते. त्यांचा स्वतःचा आवाज बेताचा होता, स्वभाव संकोची होता. वाजविणारे हात होते, पण लोकांपुढे उभे राहून गाणारे कोणीतरी हवे होते.

फोगल यांचे आगमन

योहान मिखाएल फोगल हे त्या काळी व्हिएन्नाच्या दरबारी संगीतनाट्यगृहातील नामवंत गायक होते. जन्म १७६८ चा, म्हणजे शुबर्टहून ते अठ्ठावीस वर्षांनी मोठे. उत्तर ऑस्ट्रियातील श्टायर हे त्यांचे गाव. लहानपणीच ते पोरके झाले. गावच्या देवळातील गायकवृंदात गात असताना त्यांचा आवाज लोकांच्या लक्षात आला आणि पुढे क्रेम्समुन्स्टर येथील बेनेडिक्टाइन मठाच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. ग्रीक व लॅटिन ग्रंथ ते मुळातून वाचीत. व्हिएन्नात कायद्याचा अभ्यास केल्यावर ते रंगभूमीवर आले. १८१४ मध्ये बेटहोवन यांचा ‘फिडेलिओ’ नव्या रूपात रंगभूमीवर आला, तेव्हा त्यातील दुष्ट तुरुंगाधिपती पिझारोची भूमिका त्यांचीच होती.

त्यांचा आवाज बॅरिटोन जातीचा होता. पुरुषी आवाजाचे पाश्चात्त्य संगीतात ढोबळमानाने तीन प्रकार मानतात : उंच पट्टीचा टेनर, खर्जातील बास आणि या दोहोंच्या मधला बॅरिटोन. बोलण्याच्या स्वाभाविक पट्टीला हा मधला आवाज सर्वांत जवळचा, म्हणून गीतातील शब्द त्यात अधिक सहज उमटतात असे अनेकांना वाटते.

१८१७ साली शुबर्ट यांचे मित्र फ्रान्झ फॉन शोबर यांनी बरीच खटपट करून फोगल यांना आपल्या घरी येण्यास राजी केले. फोगल यांना नव्या नव्या होतकरू प्रतिभावंतांचा कंटाळा आला होता. ते आले, उंचेपुरे, काहीसे तोऱ्यात. पुढे उभा असलेला ठेंगणा, चष्मा लावलेला, अडखळत बोलणारा शाळामास्तर त्यांनी पाहिला. पियानोवरचा एक कागद उचलून त्यांनी गुणगुणून पाहिला. फारसे काही बोलले नाहीत. मग आणखी एक गीत, मग आणखी एक. स्पाउन यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींनुसार, निघताना त्यांनी शुबर्ट यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुझ्यात काहीतरी आहे, पण तुला स्वतःला मिरविता येत नाही, अशा अर्थाचे काही सांगितले. पुन्हा येण्याचे वचन मात्र दिले नाही.

ते पुन्हा आले. न बोलावता आले आणि येतच राहिले. मानसन्मान मिळवून झालेला, रंगभूमीच्या अखेरच्या पर्वात पोहोचलेला हा गायक एका अनोळखी वीस वर्षांच्या तरुणाची गीते घरोघरी गाऊ लागला. विचार केला तर यात त्यांचा लौकिक लाभ काहीच नव्हता. परंतु या गीतांत आपल्या आवाजाला, विद्वत्तेला आणि वाढत्या वयाला शोभेल असे काम आहे, हे त्यांनी ओळखले. शुबर्ट यांना आवाज मिळाला आणि फोगल यांना गाण्यासारखे काही मिळाले. कोणी कोणावर उपकार केले, हे ठरविणे कठीण आहे.

राखेच्या बुधवारचे गीत

७ मार्च १८२१ हा त्या वर्षीचा राखेचा बुधवार होता. प्रायश्चित्तकाळ सुरू झाल्यामुळे नाट्यप्रयोग बंद होते आणि उमराव घराण्यांतील स्त्रियांच्या एका सेवाभावी मंडळाने दरबारी नाट्यगृहात धर्मादाय कार्यक्रम ठेवला होता. त्या कार्यक्रमात फोगल यांनी ‘एर्लकोनिग’ गायिले. पियानोवर शुबर्ट यांचे मित्र आन्सेल्म ह्युटेनब्रेनर होते. श्रोत्यांनी गीत पुन्हा गाण्याचा आग्रह धरला आणि फोगल यांनी ते पुन्हा गायिले. सहा वर्षे वहीत पडून असलेली रचना एका संध्याकाळी साऱ्या शहराच्या तोंडी झाली. प्रकाशकांनी हे गीत यापूर्वी नाकारले होते. आता मित्रांनी वर्गणी काढून ते छापले आणि शुबर्ट यांची पहिली प्रकाशित कृती म्हणून त्याची नोंद झाली.

त्यानंतर व्हिएन्नातील दिवाणखान्यांत संगीताच्या ज्या बैठकी भरू लागल्या, त्यांना मित्रांनी ‘शुबर्टियाड’ असे नाव दिले. शुबर्ट पियानोवर, शेजारी फोगल, भोवती कवी, चित्रकार, सरकारी कारकून, त्यांच्या बहिणी आणि पत्नी. मोरिट्स फॉन श्विंड या चित्रकार मित्राने १८६८ साली, म्हणजे शुबर्ट यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, आठवणीतून अशा एका संध्याकाळचे चित्र काढले. त्यात मध्यभागी पियानोपुढे शुबर्ट आहेत आणि शेजारी फोगल.

या जोडीत सर्व काही सुरळीत होते असे नाही. फोगल रंगभूमीचे गायक होते. मूळ चालीत आपल्या पसंतीच्या हरकती घालण्याची, स्वर बदलण्याची त्यांना सवय होती. पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांनी त्यांना त्याबद्दल दोष दिला आहे. शुबर्ट ते चालवून घेत. त्यांच्या मित्रांनी एक गमतीची आठवण सांगितली आहे. शुबर्ट यांनी दिलेले एक गीत फोगल यांनी आपल्या आवाजाच्या पट्टीत दुसऱ्याकडून उतरवून घेतले. काही दिवसांनी ती प्रत पाहून शुबर्ट यांनी गीताची तारीफ केली आणि ते कोणाचे, असे विचारले. आपलेच गीत त्यांना ओळखू आले नाही. इतके ते सतत लिहीत होते आणि लिहून झाले की त्यापासून मोकळे होत होते.

१८२५ चा उन्हाळा

दोघांनी मिळून अनेक प्रवास केले. १८१९ साली फोगल यांनी शुबर्ट यांना प्रथमच आपल्या श्टायर गावी नेले. सर्वांत दीर्घ प्रवास १८२५ च्या उन्हाळ्यातला. श्टायर, लिंत्स, ग्मुंडेन, साल्झबर्ग, गास्टाइन अशा गावांतून ही जोडी हिंडली. मठांत, व्यापाऱ्यांच्या घरांत, सरदारांच्या वाड्यांत फोगल गात आणि शुबर्ट वाजवीत. भाऊ फर्डिनांड याला लिहिलेल्या पत्रात शुबर्ट यांनी कळविले की, आपण आणि फोगल त्या क्षणी एकच होऊन जातो आणि तेथील लोकांना ही गोष्ट अगदी नवी, पूर्वी कधी न ऐकलेली वाटते. बॅरिटोन आणि पियानो यांच्या मैफलीची याहून नेमकी व्याख्या शोधूनही सापडणार नाही.

याच प्रवासात एक गीत ठिकठिकाणी गायिले जात होते. सर वॉल्टर स्कॉट यांच्या दीर्घकाव्यात, डोंगरातील गुहेत लपलेली एलेन नावाची तरुणी पवित्र मरियेची करुणा भाकते. त्या प्रसंगावर शुबर्ट यांनी केलेली चाल आज ‘आवे मारिया’ या नावाने जगभर ओळखली जाते. आपल्याकडे विवाहाच्या मिस्सेत ती लॅटिन प्रार्थनेच्या शब्दांसह ऐकू येते. ते शब्द त्या चालीवर नंतर बसविले गेले. मूळ गीत एका निराधार मुलीची विनवणी आहे. हे गीत ऐकून लोकांना आपल्या धर्मभावनेचे आश्चर्य वाटते, असे शुबर्ट यांनी आईवडिलांना कळविले (ही आई म्हणजे वडिलांची दुसरी पत्नी). आपण भक्तीची बळजबरी स्वतःवर कधीच करीत नाही. ती आपसूक दाटून येते तेव्हाच अशी रचना करतो आणि तीच खरी भक्ती असते, असेही त्यांनी त्या पत्रात लिहिले.

येथे एका गोष्टीचा प्रांजळपणे उल्लेख केला पाहिजे. शुबर्ट यांनी सहा संपूर्ण लॅटिन मिस्सा संगीतबद्ध केल्या. त्या सर्वांत श्रद्धांगीकारातील एकाच, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय ख्रिस्तसभेविषयीचे शब्द गाळलेले आहेत. याचे कारण त्यांनी कोठेही लिहून ठेवलेले नाही आणि अभ्यासकांत त्याविषयी एकमत नाही. त्या काळच्या ऑस्ट्रियात धर्म आणि राजसत्ता यांची गाठ घट्ट होती आणि तरुण मनांना ती जाचत होती, एवढे इतिहास सांगतो. परंतु याच माणसाने १८२७ साली योहान फिलिप नॉयमान यांच्या शब्दांवर ‘जर्मन मिस्सा’ रचली. सामान्य लोकांना आपल्या मातृभाषेत, साध्या चालीवर, एकत्र गाता यावीत अशी ती गीते आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेला दार उघडले, त्याच्या सुमारे १३५ वर्षे आधीची ही गोष्ट. ऑस्ट्रिया व जर्मनीतील देवळांत ही गीते आजही भाविक गातात. मराठीत मिस्सा गाणाऱ्या आपणांस त्यामागील तळमळ परकी वाटू नये.

हिवाळ्यातील प्रवास

या आनंदावर एक सावली कायम होती. १८२२ च्या अखेरीस शुबर्ट यांना गंभीर आजार जडला. तो उपदंश होता असे बहुतेक चरित्रकार मानतात. त्यावर त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. १८२३ मध्ये ते काही काळ रुग्णालयात होते. त्याच वर्षी विल्हेल्म म्युलर या कवीच्या वीस कवितांवर त्यांनी ‘सुंदर गिरणीवाली’ ही गीतमाला रचली. फोगल यांचेही वय झाले होते. नाट्यगृहातून ते निवृत्त झाले होते आणि आवाजाची पूर्वीची ताकद राहिली नव्हती.

१८२७ च्या मार्च महिन्यात बेटहोवन वारले. त्यांच्या अंत्ययात्रेत मशाल धरून चालणाऱ्यांत शुबर्ट होते. त्याच वर्षी त्यांनी म्युलर यांच्याच चोवीस कवितांवर ‘विंटरराइजे’, म्हणजे हिवाळ्यातील प्रवास, ही गीतमाला लिहिली. प्रेमात निराश झालेला एक तरुण बर्फातून एकटा चालत निघतो, एवढीच तिची कथा. शुबर्ट यांनी आपल्या बेताच्या आवाजात ती गीते मित्रांना गाऊन दाखविली, तेव्हा मित्र गोंधळून गेले. इतकी उदास गीते त्यांना पेलवली नाहीत. शोबर यांना तर त्यांतले एकच आवडले. शुबर्ट यांचा मात्र या गीतांवर इतर सर्वांपेक्षा अधिक जीव होता. पुढे थकलेल्या आवाजात फोगल ती गाऊ लागले आणि मग हळूहळू मित्रांनाही ती कळू लागली.

बेटहोवन यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, २६ मार्च १८२८ रोजी, शुबर्ट यांच्याच रचनांचा जाहीर कार्यक्रम व्हिएन्नात झाला. त्यांच्या हयातीत असा कार्यक्रम एकदाच झाला. एकोणसाठ वर्षांचे फोगल गायिले आणि शुबर्ट यांनी पियानोची साथ केली. सभागृह भरले होते, मिळकतही बरी झाली. परंतु तीनच दिवसांनी इटलीचे विख्यात व्हायोलिनवादक पागानिनी यांचा पहिला कार्यक्रम त्याच शहरात होता. वृत्तपत्रांचे रकाने त्यांनी व्यापले आणि शुबर्ट यांच्या संध्याकाळची व्हिएन्नाच्या वृत्तपत्रांनी जवळजवळ दखलच घेतली नाही.

त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, १९ नोव्हेंबर १८२८ रोजी, भाऊ फर्डिनांड याच्या घरी शुबर्ट यांचे निधन झाले. आजार विषमज्वराचा असावा. ते अवघे एकतीस वर्षांचे होते. मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत ते अंथरुणावर ‘विंटरराइजे’च्या दुसऱ्या भागाची मुद्रिते तपासत होते. मागे राहिलेल्या मालमत्तेची सरकारी किंमत ६३ गुल्डन भरली. त्यात कपडे, अंथरूण-पांघरूण आणि काही जुने संगीताचे कागद, एवढेच होते. सहाशेहून अधिक गीते त्यांनी लिहून ठेवली होती. त्यांना बेटहोवन यांच्या थडग्याजवळ पुरण्यात आले. १८८८ साली दोघांचेही अवशेष व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत हलविण्यात आले. फोगल बारा वर्षांनी, १८४० च्या नोव्हेंबरातच वारले.

उरलेली साथ

या दोघांनी घालून दिलेला पायंडा त्यांच्यामागे मोडला नाही. १८५६ मध्ये बॅरिटोन युलिउस श्टॉकहाउझेन यांनी व्हिएन्नात ‘सुंदर गिरणीवाली’ ही संपूर्ण गीतमाला जाहीरपणे सादर केली. पुढे त्यांच्या साथीला योहानेस ब्राम्स यांच्यासारखे थोर संगीतकार पियानोवर बसले. विसाव्या शतकात जर्मन बॅरिटोन डिट्रिख फिशर-डिस्काउ आणि इंग्रज पियानोवादक जेराल्ड मूर या जोडीने शुबर्ट यांची शेकडो गीते ध्वनिमुद्रित केली. एक जर्मन युद्धात लढलेला आणि युद्धकैदी झालेला, दुसरा इंग्लंडचा नागरिक. ज्यांच्या देशांनी एकमेकांवर बाँब टाकले होते, ती दोन माणसे एका पियानोभोवती एकत्र आली. साथ करणाऱ्यांच्या कलेला मान मिळावा म्हणून मूर यांनी आयुष्यभर लेखणी व वाणी झिजविली.

‘विंटरराइजे’च्या शेवटच्या गीताकडे येथे पुन्हा वळले पाहिजे. गावाबाहेर बर्फात, अनवाणी, एक म्हातारा उभा आहे. हाताने दांडा फिरवून वाजवायचे एक वाद्य त्याच्यापाशी आहे. गारठलेल्या बोटांनी तो वाजवीत राहतो. त्याचे ताट रिकामे आहे, कोणी ऐकत नाही, कुत्री गुरगुरतात. तेवीस गीतांत एकट्याने चाललेला तो तरुण आता प्रथमच दुसऱ्या माणसापाशी थांबतो आणि त्याला विचारतो की, मी तुझ्याबरोबर येऊ का, माझ्या गाण्यांना तू साथ करशील का? उत्तर मिळत नाही. पियानोवर तीच साधी, घुमणारी सुरावट विरत जाते आणि गीतमाला संपते.

शुबर्ट यांनी जन्मभर हाच प्रश्न विचारला, असे म्हणता येईल. त्यांच्या नशिबाने त्याला उत्तर देणारा एक गायक त्यांना भेटला. सर्वांनाच असे उत्तर मिळते असे नाही. सोनारीच्या भजनात असो, आपल्या धर्मग्रामातील मिस्सेत असो की व्हिएन्नाच्या सभागृहात असो, कोणीतरी गात असते आणि कोणीतरी मान खाली घालून सूर धरीत असते. येत्या रविवारी उपासना संपल्यावर देवळाबाहेर पडण्यापूर्वी ऑर्गनपाशी किंवा पेटीपाशी क्षणभर थांबावे आणि तेथे बसलेल्या व्यक्तीशी दोन शब्द बोलावेत. गेला रविवार, त्याआधीचा रविवार आणि त्याच्याही आधीचे कित्येक रविवार आपण त्याच व्यक्तीच्या साथीने गात आलो आहोत.